नवख्यांचा बेसबॉल कसा पाहावा?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई ॲरिझोनात मेसा येथे राहतात. मेच्या आरंभी आम्ही उभयता त्यांच्याकडे जात आहोत. घराजवळच शिकागो कब्ज या संघाचे सराव संकुल असून तेथे अगदी नवख्या व्यावसायिक खेळाडूंचे बेसबॉल सामने विनातिकीट पाहता येतात, असे जावई सांगतात. पार्क मैदानावर स्थानिक क्रिकेट पाहण्यात माझी कित्येक वर्षे गेली, पण बेसबॉल मला कळत नाही. तेथे जाण्यात अर्थ आहे का, आणि गेल्यास काय पाहावे?
— एक निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : अवश्य जावे, मात्र गर्दी, दिवे आणि जल्लोष यांची अपेक्षा घेऊन जाऊ नये. ती हौस असेल तर फीनिक्स शहरातील चेस फील्डवर एखादा मोठा सामना तिकीट काढून पाहावा, तेथे छत आणि गारवाही आहे.

मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील ३० संघांपैकी १५ संघ फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोनात आणि १५ फ्लोरिडात सराव करतात. मुख्य खेळाडू आपापल्या शहरी परतले की त्याच संकुलांतील मागच्या मैदानांवर सर्वांत खालच्या पायरीचे सामने सुरू होतात. ॲरिझोनातील या स्पर्धेला २०२१ पासून ॲरिझोना कॉम्प्लेक्स लीग म्हणतात. खेळणारी मुले बहुतेक सतरा ते एकवीस वर्षांची असतात आणि त्यांतील पुष्कळशी डॉमिनिकन रिपब्लिक व व्हेनेझुएला येथून आलेली असतात, त्यामुळे मैदानावर इंग्रजीइतकीच स्पॅनिश कानी पडते.

येथे निकालाला फारसे महत्त्व नसते. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, किती चेंडू टाकायचे हे प्रशिक्षकांनी आधीच ठरवलेले असते, आणि तो कितीही उत्तम टाकत असला तरी ती मर्यादा आली की त्याला काढून घेतात. म्हणून धावफलकाकडे फार न पाहता एकेका खेळाडूकडे पाहावे, आणि त्यासाठी होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या जमिनीवरील पाटीच्या मागे, जाळीला लागून असलेली जागा गाठावी. तेथे शेजारी हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन धरलेले निवडकर्ते, वही घेऊन चेंडूंची नोंद करणारे संघाचेच दुसरे पिचर आणि एखाद्या खेळाडूचे आईवडील भेटतील. माझ्या मते क्रिकेटची नजर असलेल्या माणसाला बेसबॉल शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही, कारण मोठ्या स्टेडियममध्ये इतक्या जवळून चेंडूचे वळण पाहायला फार मोठे पैसे मोजावे लागतात.

पिचर होम प्लेटपासून १८.४४ मीटरवरून टाकतो, म्हणजे क्रिकेटच्या २०.१२ मीटरच्या खेळपट्टीहून अंतर कमी, आणि चेंडू टप्पा न घेता येतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू पोहोचण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. या वयातील मुलांकडे वेग पुष्कळ असतो, पण दिशेवरचा ताबा यायचा असतो. बॅटरने बॅट न फिरवता चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर, म्हणजे प्लेटवरच्या साधारण छाती ते गुडघा या चौकटीबाहेर, गेले की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, आपसूक मिळतो, आणि असे येथे वारंवार घडत असल्याने एखादी इनिंग कंटाळा येईपर्यंत लांबते. अशा वेळी कॅचरकडे, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूकडे पाहावे. भरकटलेला चेंडू अडवण्यासाठी तो गुडघ्यांवर कसा पडतो आणि पिचरला धीर द्यायला कधी उठून जातो, हे पाहिले की खेळ निम्मा उलगडतो. तेवढे जमले की बॅटर कोणता चेंडू सोडून देतो तिकडे लक्ष द्यावे; ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाचे मोल तुम्हाला सांगायला नको.

या पायरीवर आपली माणसेही खेळून गेली आहेत. उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाशी करारबद्ध झाले आणि २००९ मध्ये फ्लोरिडातील याच दर्जाच्या गल्फ कोस्ट लीगमध्ये त्यांनी पिचिंग केले. त्या जुलैत रिंकूच्या नावावर एका सामन्याचा विजयही नोंदला गेला. (कोलकात्याकडून षटकार मारणारे रिंकू सिंग ते वेगळे.)

उन्हाची धास्ती सोलापूरकराने बाळगू नये, तरी जूनमध्ये फीनिक्स परिसर आपल्या मे महिन्यालाही मागे टाकतो. त्यामुळे बरेच सामने संध्याकाळी ठेवतात. तरीही दिवसभर तापलेल्या धातूच्या बाकांवर बसण्यासाठी जाड कापडाची घडी न्यावी आणि पाणी भरपूर घ्यावे. मागच्या मैदानांवर खाण्याचे दुकान सहसा नसते, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच बांधून घ्यावी. बाजूला उडालेला चेंडू जाळी नसलेल्या ठिकाणी बसलेल्यांच्या अंगावर येऊ शकतो, म्हणून चेंडू टाकला जात असताना डबा उघडू नये.

वेळापत्रक क्लबच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी पुन्हा पाहून निघावे, कारण मैदान ऐनवेळी बदलते. हंगाम मेच्या आरंभी सुरू होऊन जुलैच्या उत्तरार्धात संपतो, तेव्हा ग्रँड कॅन्यनची सहल आधी करायची की सामने, हे जावयांशी बोलून ठरवावे. मी सामने आधी ठेवीन.