सारण बाहेर का येते?

प्रश्न : नाताळसाठी सिसिलीची ‘कुच्चिदाती’ ही अंजिराचे सारण भरलेली बिस्किटे करून पाहिली. सासवडची ताजी अंजिरे साखरेत शिजवून सारण केले होते. भाजताना कडा उकलल्या, सारण ट्रेवर ओघळून करपले आणि जी बिस्किटे बरी निघाली तीही दुसऱ्या दिवशी मऊ पडली. पारीसाठी मैदा, बटर, पिठीसाखर आणि अंडे घेतले होते. काय बदलावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पारीत काही वावगे दिसत नाही, दोष आहे तो सारणातल्या पाण्याचा. नाताळच्या सुमारास पुरंदरची खट्टा बहाराची अंजिरे बाजारात असतात, त्यामुळे ती वापरावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताज्या अंजिरात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते, सुक्या अंजिरात साधारण ३० टक्के. साखरेत शिजवूनही त्यातले बरेचसे पाणी तसेच राहते, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि कडा जिथे नीट चिकटलेली नसेल तिथून ती सारणासह वाट काढते. सिसिलीत हे सारण सुक्या अंजिरांचे करतात. तिथे सारण भरून लांब वळकटी करण्याची आणि मग तिचे तुकडे कापण्याची पद्धत आहे. म्हणजे प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके उघडीच राहतात आणि तरीही भाजताना काही ओघळत नाही. सारण किती घट्ट हवे, हे यावरून ध्यानात यावे.

२५० ग्रॅम सुकी अंजिरे देठ काढून चिरावीत, त्यांत १०० ग्रॅम बेदाणे, ७५ ग्रॅम भाजलेले बदाम, एका संत्र्याच्या सालीचा कीस, दोन चमचे मध, दालचिनीची पूड आणि चिमूटभर लवंगपूड घालून मिक्सरमधून भरड काढावे. संत्र्याचा रस चमच्याचमच्याने घालावा आणि सारणाचा मुटका वळू लागला की थांबावे. खात्री करायची असेल तर चमचाभर सारण टिपकागदावर दहा मिनिटे ठेवून पाहावे. भोवती ओलसर कडे उमटले, तर ते मंद आचेवर आणखी आटवून पूर्ण गार करावे. कोमट सारण कधीही भरू नये, कारण त्याने पारीतले बटर वितळते आणि मग कडा चिकटत नाहीत.

पारीचा गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवून सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लाटावी. जोडाच्या कडेला अंड्याचा पांढरा बलक लावून जोड खाली येईल अशी वळकटी फिरवावी, तुकडे कापावेत, प्रत्येकावर एकदोन चिरा द्याव्यात, म्हणजे वाफेला वाट मिळते. कापलेले तुकडे ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत; घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि बिस्किटे पसरतात. १८० अंश सेल्सिअसला तळ बदामी होईपर्यंत, साधारण १५ ते १८ मिनिटे, भाजावीत.

आता मऊपणाविषयी. सारण कोरडे असले तरी त्यातला थोडा ओलावा पारीत उतरतोच आणि या बिस्किटांत तो अपेक्षितही आहे. ती नानकटाईसारखी खुसखुशीत राहावीत अशी अपेक्षा ठेवू नये. एकदोन दिवस मुरल्यावर संत्रे आणि दालचिनीचा स्वाद उलट अधिक चांगला लागतो, म्हणून ती नाताळच्या दोन दिवस आधी करावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे आयसिंग बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच लावावे, वर रंगीत साखरदाणे भुरभुरावेत आणि आयसिंग हाताला लागेनासे झाल्यावरच, मध्ये बटर पेपर घालून, ती डब्यात भरावीत.