नोटीस दिल्यावर वाढीव भाडं कशाला घेतलं?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायत हद्दीत, २०२१ मध्ये मी बसथांब्याजवळ गाळा घेतला. अशी पहिलीच गुंतवणूक. जून २०२१ पासून कृषी केंद्राला ११ महिन्यांच्या नोटरी कागदावर ४,००० रुपयांनी दिला. मुदत संपल्यावर कागद नवा केला नाही, भाडं येत राहिलं. मुलाला दुकान टाकायचं म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये वकिलामार्फत नोटीस दिली. भाडेकरू हलला नाही. एप्रिल २०२४ पासून तो ४,५०० देतो, फोनपेवर. मी पावतीही देतो. त्या नोटिशीवर आता दावा लावता येईल का? मेहुणे म्हणतात विजेची लाईन कापा, म्हणजे तो आपसूक निघेल. तालुक्याला दुसरा गाळाही पाहून ठेवला आहे, नवख्यानं काय काळजी घ्यावी?

उत्तर : त्या नोटिशीवर दावा लावू नका. ती तुम्हीच निकामी केली आहे.

अशी पत्रं मला नेहमी येतात आणि प्रत्येकात ११ महिन्यांच्या कागदाचीच काळजी असते. कागद संपला तरी तुम्ही भाडं घेत राहिलात, म्हणजे तो महिनेवारी भाडेकरू झाला. इथवर फार बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एप्रिल २०२४ मध्ये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ११३ सांगतं की नोटिशीनंतर मालकानं भाडेपट्टा चालू मानल्यासारखं वागणं केलं आणि भाडेकरूची त्याला संमती असली, तर नोटीस सोडून दिली असं धरलं जातं. नोटिशीची मुदत संपल्यानंतरचं भाडं मालकानं घेतलं, हेच उदाहरण त्या कलमाखाली छापलेलं आहे.

नुसतं भाडं घेतल्यानं नोटीस मरत नाही, मालकाचा हेतू पाहावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये म्हटलं आहे. पण तिथं मालक दावा लढवत होता. तुम्ही दावा लावला नाही, वर पाचशे रुपये वाढवून घेतले आणि सहीनिशी पावत्या दिल्या. समोरच्या वकिलाला याहून चांगला पुरावा कुठून मिळणार?

नवी नोटीस द्या, या आठवड्यातच. त्याच अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे दुकानासाठी १५ दिवस पुरतात, पण कागदात वेगळं ठरलेलं नसेल तरच. तुमच्या नोटरी कागदातलं मुदतीचं कलम काढून वाचा. 'एक महिना आगाऊ' असं असेल तर सव्वा-दीड महिना द्या. जास्त मुदतीनं नुकसान होत नाही, कमी मुदतीवर मात्र वर्षानुवर्षं वाद चालतो. नोटीस लेखी, सहीची आणि पोस्टानं जाऊ द्या, पोच जपून ठेवा. मुदत संपली की त्याच पंधरवड्यात दावा दाखल करा.

मधल्या काळात फोनपेवर पैसे येतील, ते तुम्ही थांबवू शकत नाही. मुदत संपल्यानंतर आलेली रक्कम परत पाठवणं सगळ्यात सुरक्षित. ठेवायचीच असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा की ही भाडं म्हणून नाही, जागेच्या वापरापोटी भरपाई म्हणून, हक्क राखून घेतली आहे. हा बचाव किती टिकेल हे न्यायाधीशावर आहे. 'भाडे मिळाले' अशी पावती मात्र आता एकही नको.

गाव भाडे नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे तो कायदा जिथं लागू आहे त्या ठिकाणांच्या यादीत, नसेल, आणि ग्रामपंचायतीची गावं साधारणपणे नसतात, तर मुलाची गरज सिद्ध करायची गरजच नाही. गावातले जुने लोक 'कंट्रोलरची', म्हणजे भाडे नियंत्रकाची, 'परवानगी' काढायला सांगतील. १९४९ च्या सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेशाची ती आठवण, ३१ मार्च २००० पासून ती गोष्ट संपली.

दावा किती चालेल हे मी सांगणार नाही. समन्स बजावण्यातच कधी कधी एक हंगाम निघून जातो. म्हणून भाडेकरू 'खरीप काढू द्या, बियाणं भरून ठेवलंय' म्हणाला तर हो म्हणायला हरकत नाही, पण तोंडी नाही. दावा लावून कोर्टात तडजोड लिहून घ्या, जागा सोडण्याची तारीख टाकून. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, हातात असला की पुढे त्याची बजावणी मागता येते.

मेहुण्यांना चहा पाजा आणि विषय बदला. बळजबरीनं बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागू शकतो, आणि तिथं मालकी कोणाची हे विचारलंही जात नाही.

तालुक्याच्या गाळ्याचा नियम वेगळा. ते शहर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या परिशिष्टात आहे का ते आधी पाहा. असेल तर कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शर्तींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जाईल, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा तर आधी ९० दिवसांची नोटीस, आणि समन्सनंतरच्या ९० दिवसांत त्यानं व्याजासह भरलं तर ताबा मिळत नाही. लिव्ह अँड लायसन्सवरची, म्हणजे भाडेपट्टा न करता नुसत्या वापराच्या परवानगीच्या करारावरची, झटपट ताबा देणारी कलम २४ ची वाट फक्त राहत्या जागेला आहे, गाळ्याला नाही. दलाल हे सांगत नाहीत.

त्या गाळ्यात आधीच भाडेकरू असेल तर इसार देण्यापूर्वी त्याचा कागद मागा. खरेदीखतानंतर तो तुमचा भाडेकरू होतो. जुन्या मालकाकडे असलेली त्याची अनामत किमतीतून वळती करून घ्या आणि तसं खरेदीखतात लिहा.