डेलासचा गोल आणि त्यामागचा बचावपटू

प्रश्न : २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ग्रीसच्या डेलासने गोल केला आणि सामना तिथेच संपला, असे वाचनात आले. चेक संघाला बरोबरीची संधी का मिळाली नाही? आणि डेलासचे मोठेपण त्या एका गोलपुरतेच होते का?

उत्तर : त्या स्पर्धेत ‘सिल्व्हर गोल’चा नियम लागू होता. जादा वेळेची पहिली पंधरा मिनिटे संपताना जो संघ आघाडीवर असेल तो विजयी ठरत असे. १ जुलै २००४ रोजी पोर्तो येथे निर्धारित वेळ गोलशून्य गेली आणि जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता सहकारी त्सिआर्तासने उजवीकडून घेतलेल्या कॉर्नरवर त्रायानोस डेलासने जवळच्या खांबापाशी हेडर मारून चेंडू जाळ्यात धाडला. हाच गोल चार-पाच मिनिटे आधी झाला असता, तर चेक संघाला तेवढा वेळ मिळाला असता. गोलच्या मिनिटावर प्रतिस्पर्ध्याची संधी ठरवणारा हा नियम त्या स्पर्धेनंतर रद्द झाला, हे योग्यच झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. राष्ट्रीय संघाकडून डेलासने केलेला हा एकमेव गोल. त्याचे खरे काम स्वतःच्या गोलपुढे चाले. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांनी प्रतिस्पर्धी आघाडीपटूंना एकास एक बचावपटू नेमून दिले होते आणि त्या सर्वांच्या मागे, कोणी निसटलाच तर त्याला अडवायला, डेलासला ठेवले होते. वेग हे सुमारे साडेसहा फूट उंचीच्या या खेळाडूचे बलस्थान नव्हते, त्यामुळे पास कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे उभे राहण्यावर त्याचा सारा खेळ उभा होता. फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगाल, अशा बाद फेरीतल्या तिन्ही लढती ग्रीसने १-० अशा जिंकल्या. म्हणजे तिन्ही सामन्यांत ग्रीसवर एकही गोल झाला नाही. स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली ती यासाठी.

१९७६ मध्ये थेसालोनिकीत जन्मलेला डेलास तिथल्याच आरिस क्लबमधून पुढे आला आणि शेफील्ड युनायटेड, एईके अथेन्स, पेरुजा असे करत २००२ मध्ये इटलीतल्या रोमा क्लबकडे गेला. पुढे सायप्रसच्या अनॉर्थोसिसकडून खेळताना, २००८ मध्ये, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचलेल्या पहिल्या सायप्रियट संघात तो होता.

एईकेशी मात्र त्याचे नाते सर्वांत दीर्घ राहिले. २०१३ मध्ये कर्जात बुडालेल्या या क्लबची शीर्ष श्रेणीतून घसरण झाली आणि नव्याने सुरुवात करण्यासाठी क्लब थेट तिसऱ्या श्रेणीत उतरला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून डेलास तिथे राहिला. लागोपाठ दोन बढत्या मिळवून त्याने २०१५ मध्ये एईकेला पुन्हा शीर्ष श्रेणीत आणले.