पीएचडीसाठी पैसे भरायचे नसतात

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी इचलकरंजीची, कोल्हापूरला एमएससी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत पीएचडी करायची आहे पण घरचा यंत्रमागाचा धंदा सध्या मंदीत आहे आणि पप्पांना कर्ज काढायला लावायचं नाहीये. एक कन्सल्टंट म्हणाला ८० हजार भरा, शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो. आमचे सर म्हणतात शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो. काय करू? आणि स्कॉलरशिपचा फॉर्म नेमका मिळतो कुठे?

उत्तर : सगळ्यात आधी, ते ८० हजार अजिबात भरू नकोस. तुझी फाइल डिपार्टमेंटमधले प्राध्यापक स्वतः वाचतात आणि तेच ठरवतात, तिथे कुठल्याही कन्सल्टंटचा हात पोचत नाही.

स्कॉलरशिपचा वेगळा फॉर्म शोधत बसलीस तर बहुतेक सापडणारच नाही, कारण अमेरिकेत केमिस्ट्रीच्या पीएचडीला अॅडमिशन आणि पैसे बहुतेक ठिकाणी एकत्रच येतात, म्हणजे ट्यूशन फी माफ, बरेचदा हेल्थ इन्शुरन्स आणि वर स्टायपेंड. याला असिस्टंटशिप म्हणतात. टीए (टीचिंग असिस्टंट) असशील तर बॅचलर्सच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, पेपर तपासायचे, आरए (रिसर्च असिस्टंट) असशील तर गाइडच्या प्रोजेक्टवर काम करायचं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि असिस्टंटशिप त्यातच बसवलेली असते. स्टायपेंड साधारण वर्षाला २५ ते ४० हजार डॉलर, पण नुसता आकडा बघू नकोस, बोस्टनमध्ये घरभाड्यातच बराचसा जातो आणि आयोवातल्या छोट्या गावात कमी पैशातही नीट भागतं. हे सगळं डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर 'फंडिंग'च्या पानावर लिहिलेलं असतं, तेच आधी वाच.

ऑगस्टमध्ये जायचं तर आदल्या वर्षीच्या १ ते १५ डिसेंबरमध्ये बहुतेक डेडलाइन येतात, त्यामुळे जून-जुलैपासूनच लागायला हवं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच केमिस्ट्री डिपार्टमेंटनी बंद केलीय, प्रत्येकाचं पान बघ. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र स्पीकिंगचा स्कोअर वेगळा बघतात, कारण तुला वर्गात उभं राहून शिकवायचंय. अर्जाची फी एका युनिव्हर्सिटीला ७५-१०० डॉलरच्या घरात जाते, आठ-दहा ठिकाणी भरली की मोठी रक्कम होते, म्हणून डिपार्टमेंटमध्ये अर्जांचं काम बघणाऱ्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ मेल करून फी माफ होईल का विचार, काही ठिकाणी करतात, विचारण्यात कमीपणा नाही.

आता सरांचं. त्यांच्यावर रागावू नकोस, दरवर्षी कितीतरी मुलं त्यांच्याकडे पत्र मागत येतात. पण स्वतःचं पत्र स्वतः लिहू नकोस. ते प्रामाणिकपणाचं नाही, शिवाय अर्जाच्या पोर्टलवरून पत्र भरायची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते आणि अर्जासोबतच्या तीनही पत्रांची भाषा एकसारखी दिसली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्यापेक्षा सरांना एक पानभर नोंद करून दे, कुठला प्रोजेक्ट, त्यात तू काय केलंस, कुठे अडलीस, कसं सोडवलंस. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल' असं लिहिलेल्या पत्राचा काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी सरांनी लिहावं, की मिश्रणातले घटक वेगळे करायच्या कॉलममध्ये दोन कंपाउंड वेगळी होतच नव्हती, बाकीच्यांनी नाद सोडला, हिने सॉल्व्हंटचं प्रमाण बदलत बदलत ती वेगळी काढली आणि ती वेगळी झाली का ते तपासायच्या प्रत्येक टीएलसी प्लेटचा फोटो तारखेसकट वहीत लावून ठेवला. असं पत्र वाचलं की समोरच्याला मुलगी दिसते. सरांचा कॉलेजचाच ईमेल दे, जीमेल नको, आणि ती लिंक स्पॅममध्ये गेली नाही ना ते डेडलाइनच्या आठवडाभर आधी फोन करून विचार, कितीतरी चांगले अर्ज तिथेच अर्धवट राहतात.

ऑफर आली की लगेच हो म्हणायची घाई करू नकोस. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी आपसात ठरवलंय की फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ द्यायचा.

राहिलं विमानाचं तिकीट, व्हिसा आणि पहिला महिना, कारण पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंतचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. त्यासाठी जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती बघ, ती १८९२ पासून चालू आहे आणि तिच्या पहिल्या दोन मानकऱ्यांपैकी एक कृष्णाबाई केळवकर, तुझ्या कोल्हापूरच्याच, त्या काळात डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घ्यायला परदेशी गेल्या होत्या. हे पप्पांना नक्की सांग.

प्रश्न : मी नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनिअर, तीन वर्षं नोकरी झाली, अनुसूचित जातीतून आहे. मला मास्टर्सच करायचंय, पीएचडी नको. मलाही असंच फंडिंग मिळेल का?

उत्तर : अमेरिकेत मास्टर्सला असं फंडिंग क्वचितच मिळतं, त्या भरवशावर राहू नका. तुम्ही युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती बघा, त्यात किमान दोन देशांत शिकता येतं, फी नाही आणि दरमहा १४०० युरो मिळतात, अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात. ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती आहे, तुमचा नोकरीचा अनुभव तिथे चालेल, फक्त शिक्षण झाल्यावर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. आणि आपल्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तर तुमच्या हक्काची आहे, तिच्यात युनिव्हर्सिटीचं क्यूएस रँकिंग, म्हणजे जगातल्या युनिव्हर्सिट्यांच्या क्यूएस यादीतला क्रमांक, बघतात, म्हणून अर्ज कुठे करायचे ते ठरवतानाच यंदाची जाहिरात शेजारी उघडून बसा. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, ऑफर लेटर आल्यावर त्यासाठी धावपळ करायला वेळ उरत नाही.