हृदयाच्या अमायलॉइडोसिसवरच्या नव्या औषधांनी हृदय पूर्ववत होतं का?

वडिलांना एटीटीआर अमायलॉइडोसिस, म्हणजे एका प्रथिनाचे तंतू हृदयात साचण्याचा आजार, सांगितलाय आणि नव्या औषधांनी हृदय पहिल्यासारखं होईल का, असं तुम्ही विचारलंय. आज मिळणारी औषधं आजाराला पुढे सरकू न देण्याचं काम करतात. आधी साचलेलं ती उपसून काढत नाहीत.

मी इको करणारा डॉक्टर. या रुग्णांत एक विसंगती बरेचदा दिसते: इकोत हृदयाची भिंत जाडजूड, पण ईसीजीच्या रेघा बुटक्या. ती जाडी स्नायूंची नसतेच. ट्रान्सथायरेटिन (एटीटीआरमधलं टीटीआर ते हेच) नावाच्या प्रथिनाचे तंतू तिथे साचलेले असतात. हे प्रथिन लिव्हरमध्ये बनतं, चार सारख्या तुकड्यांचं असतं. उतारवयात किंवा जनुकातल्या बदलामुळे ही चौकडी फुटते, सुट्या तुकड्यांच्या घड्या बिघडतात आणि त्यांचे तंतू होतात.

टॅफामिडिस ही चौकडी बांधून ठेवतं. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ४४१ रुग्णांच्या चाचणीत ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के दगावले, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के. मृत्यूंमधला हा फरक दिसायला मात्र साधारण दीड वर्ष लागलं, तेव्हा महिन्याभरात धाप कमी होईल अशी आशा धरू नका. २०२४ चं अ‍ॅकोरामिडिस याच जातीचं.

व्हुट्रिसिरानची तऱ्हा निराळी. ते लिव्हरमध्ये प्रथिन बनणंच कमी करतं. तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली इंजेक्शन; हृदयासाठी मान्यता मार्च २०२५ मध्ये. हेच प्रथिन अ जीवनसत्त्व वाहून नेतं, म्हणून ते जीवनसत्त्व वेगळं घ्यावं लागतं.

क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुकच बंद करण्याच्या उपचाराचा गाजावाजा खूप झाला. पण एका रुग्णाच्या लिव्हरला गंभीर इजा झाल्यावर २०२५ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तुम्हाला जे हवंय, म्हणजे साचलेले तंतू हटवणं, त्यासाठी अँटिबॉडींच्या, म्हणजे तंतूंना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या, चाचण्या झाल्या आहेत. माझं लक्ष जास्त तिकडे आहे.

त्याआधी वडिलांची फाइल उघडून बघा. रक्त आणि लघवीतल्या लाइट चेनच्या (प्रतिपिंडांच्या सुट्या तुकड्यांच्या) तपासण्या झाल्यात का? नुसत्या बोन स्कॅनवर निदान पक्कं करू नये, कारण एएल या दुसऱ्या प्रकारातही, ज्यात ट्रान्सथायरेटिनऐवजी लाइट चेन साचतात, तो कधीकधी पॉझिटिव्ह येतो. एएल असेल तर वरचं एकही औषध कामाचं नाही, रक्तविकारतज्ज्ञांकडे तातडीने जावं लागतं. आणि जनुकीय तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या. त्यात बदल सापडला तर तुम्हा भावंडांनाही तपासावं लागेल.