वाचकांचे प्रश्न : वसतिगृहातील खोली निवडताना

प्रश्न : मी यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असून महाविद्यालयाच्या आवारातच राहणार आहे. निवासाच्या अर्जात तीन पर्याय दिले आहेत : एकटीची खोली, दोघींची खोली आणि चौघींसाठी स्वयंपाकघर व स्वच्छतागृह असलेली सदनिका. तिन्हींचा पसंतीक्रम लावायचा आहे. मी अबोल आहे, म्हणून घरच्यांचा आग्रह एकटीच्या खोलीचा आहे. मला मात्र एकटे पडण्याची धास्ती वाटते. शिवाय खोली कुठल्या मजल्यावर हवी, तेही विचारले आहे. काय लिहावे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अबोल मुलीने एकटीची खोली घ्यावी हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण मला तो पटत नाही. बोलक्या मुलीला कुठेही खोली मिळाली, तरी ती चार दारे ठोठावून ओळखी करून घेते. अबोल मुलीला मात्र माणसे जाता-येता भेटावी लागतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरांचा लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अभ्यास केला होता व त्याचे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. एकाच मजल्यावर अगदी लगतच्या घरांत राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटले, तर मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के निघाले. दोन टोकांमधले अंतर काही पावलांचे होते, तरीही एवढा फरक पडला. जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण वरची मंडळी त्यांच्या दारावरूनच ये-जा करीत.

तेव्हा पहिल्या वर्षासाठी तुम्ही दोघींची खोली पहिल्या क्रमांकावर लिहावी, असे मी सुचवीन. एकटीची खोली दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी. मात्र तिचे दार सर्वांच्या मार्गिकेत उघडते का आणि त्या मजल्यावर एकत्र बसण्याची सामाईक जागा आहे का, याची आधी चौकशी करावी. तशी सोय असेल, तर एकटीची खोलीही तुम्हाला एकटे पाडणार नाही. सदनिका मी शेवटी ठेवीन. तिचे दार एकदा लागले की ओळखी आतल्या तिघींपुरत्याच राहतात, आणि स्वयंपाक, भांडी, केरकचरा यांवरून होणारी कुरबूर नव्या अभ्यासक्रमाच्या ऐन धांदलीत सोसावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आपली माणसे कोणती हे कळल्यावर, हाच पर्याय उत्तम ठरू शकतो. याला अपवाद एकच आहे. झोप फार सावध असेल, किंवा एखाद्या आजारामुळे औषधोपचारासाठी एकांत लागत असेल, तर संकोच न करता एकटीची खोली मागावी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र अर्जासोबतच द्यावे. अशा खोल्या थोड्या असतात आणि मागाहून दिलेले कारण कितीही खरे असले, तरी तोवर त्या भरून गेलेल्या असतात.

मजला आणि जागा यांचा प्रश्न पुष्कळजण उडवून लावतात, पण मला तो खोलीच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. खोलीतल्या काही उणिवा नंतर दूर करता येतात : उजेड कमी असेल तर टेबलावरचा दिवा आणता येतो, पडदा बदलता येतो, सामानासाठी फळी किंवा खोका मिळवता येतो. लिफ्टला लागून असलेली भिंत मात्र वर्षभर तशीच राहते. छताखालच्या मजल्यावरील पश्चिमेकडच्या खोलीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी साठणारा उकाडा, खिडकीखाली असलेली कचरा उचलण्याची किंवा वाहने थांबण्याची जागा, स्वच्छतागृहाला खेटून असलेल्या भिंतीतून येणारा नळाचा आवाज, यांवरही विद्यार्थ्याला काही इलाज करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपेच्या खोलीत रात्री सलग आवाज ३० डेसिबलच्या आत, तर अधूनमधून होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. साधे बोलणेच सुमारे ६० डेसिबलच्या घरात जाते. म्हणजे मार्गिकेत थांबून गप्पा मारणाऱ्या दोघी बंद दाराआडच्या झोपमोडीला पुरेशा आहेत. दार आपटणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

वसतिगृह दाखवण्याचा कार्यक्रम बहुधा भर दुपारी असतो, आणि त्या वेळी सगळे वर्गात असल्यामुळे कोणतीही इमारत शांतच भासते. शक्य असल्यास रात्री नऊनंतर जाण्याची परवानगी मागावी, एखाद्या खोलीत दार लावून पलंगाच्या जागी पाच मिनिटे नुसते उभे राहावे आणि काय काय ऐकू येते ते पाहावे. दाराखालच्या फटीतून मार्गिकेतला दिवा किती आत येतो, हेही तेव्हाच दिसते. एका स्वच्छतागृहामागे किती जणी आहेत, हे कार्यालयात विचारण्यापेक्षा तिथे राहणाऱ्या मुलीला विचारावे. सकाळच्या पहिल्या तासापूर्वी किती वेळ ताटकळावे लागते, ते ती बिनचूक सांगेल. जिन्याजवळ ओळखी होतात आणि गोंगाटही तिथेच असतो, म्हणून जिन्यापासून दोन-तीन दारे सोडून असलेली मधल्या मजल्यावरची खोली मागावी. नेमकी तीच मिळेल याची हमी नाही. पण अर्जात कारणासह लिहिलेल्या मागणीकडे निदान लक्ष तरी जाते.

प्रश्न : माझा शाळेपासूनचा मित्र याच महाविद्यालयात आला आहे. आम्ही एकमेकांची नावे रूममेट म्हणून द्यावीत, की अनोळखी मुलासोबत राहावे? – प्रथम वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : मैत्री जुनी असली, तरी तुम्ही दोघे एका खोलीत कधी महिनोन्‌महिने झोपला नसाल. म्हणून आधी साध्या गोष्टी पडताळून पाहा : तो किती वाजता झोपतो, अभ्यास आवाजात करू शकतो की त्याला शांतता लागते, पाहुणे किती येतात, पसारा किती सहन होतो. यांपैकी झोपेची वेळ जुळत नसेल, तर मित्राला शेजारच्या खोलीत राहू द्यावे. मैत्री टिकण्याच्या दृष्टीने तेच बरे. गजर लावून तो पाच-पाच मिनिटांनी पुढे ढकलणारा माणूस दिवसा कितीही लाघवी असला, तरी पहाटे तसा वाटत नाही.

सोबत्याचा परिणाम होतो, हे निश्चित. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयात प्रथम वर्षाचे सोबती सोडतीसारख्या पद्धतीने ठरत. तेथील माहितीवरून अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली दाखवून दिले की, सोबत्याचा प्रभाव गुणांवर आणि विद्यार्थी-मंडळांत सामील होण्याच्या निर्णयावर पडतो, मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र पडत नाही. अमेरिकेतल्याच बेरिया महाविद्यालयातील आणखी एका अभ्यासात, ज्याच्या सोबत्याने व्हिडिओ गेमचे यंत्र आणले होते, त्या विद्यार्थ्याचा अभ्यासाचा वेळ आणि पहिल्या सत्रातील गुण दोन्ही घटल्याचे आढळले. यंत्र दुसऱ्याचे आणि गुण गेले याचे! त्यामुळे वसतिगृहाकडून सवयींविषयीची प्रश्नावली आली, तर ती स्वतः आणि खरी भरावी. पालक शेजारी बसलेले असताना सगळीच मुले दहाला झोपणारी आणि टापटिपीची असल्याचे लिहितात, आणि मग दोन जागरणप्रिय मुलांऐवजी एक जागरणप्रिय व एक पहाटे उठणारा अशी जोडी लागते. सोबती कोणीही असो, दिवा कधी मालवायचा, पाहुण्यांना किती वाजेपर्यंत थांबू द्यायचे आणि झाडलोट कोणी कधी करायची, हे पहिल्याच आठवड्यात, भांडणाचे निमित्त होण्यापूर्वी, बोलून ठरवावे.

प्रश्न : मुलीच्या वसतिगृहाचा करार माझ्यासमोर आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे? – एक पालक

उत्तर : आधी मुदत पाहावी. करार शैक्षणिक वर्षाचा आहे की पूर्ण बारा महिन्यांचा, आणि सुट्ट्यांत वसतिगृह बंद राहात असेल, तर सामान कुठे ठेवायचे, हे त्यात स्पष्ट असावे. जेवणाची योजना सक्तीची आहे का आणि न जेवलेल्या वेळांचे पैसे वळते होतात का, हे विचारावे. मध्येच महाविद्यालय बदलले किंवा खोली सोडली, तर किती रक्कम परत मिळते, हे कलम बहुतेकदा शेवटच्या पानांवर असते. ते अवश्य वाचावे. बाहेरच्या भाड्याशी तुलना करायची असेल, तर तिकडे वीज, इंटरनेट, पलंग-टेबल आणि रोजचा प्रवास यांचा खर्चही मिळवूनच करावी, नाहीतर बाहेरचे घर उगाचच स्वस्त दिसते.

अनामत रकमेवरून होणारे वाद टाळण्यासाठी मुलीने खोलीचा ताबा घेताना, सामान आत नेण्यापूर्वीच, छायाचित्रे काढावीत : न लागणारा खण, भिंतीतली खिळ्यांची भोके, गादीवरचे डाग, खिडकीची तुटलेली कडी. हे सर्व ताबापत्रात लिहून त्यावर अधीक्षकांची तारखेसह सही घ्यावी आणि त्याची एक प्रत अनामत हाती येईपर्यंत जपून ठेवावी.