नोव्हाक म्हणजे गावात नवा आलेला

तुम्ही सप्टेंबरात पोलंडात व्रोत्स्वाफला जाताय. ऑफिसातल्या बॉस नोव्हाक आणि घरमालकही नोव्हाक, म्हणून तुम्ही विचारलंत की हे नातेवाईक आहेत का, हे जातीवरून पडलेलं आडनाव आहे का, आणि त्यांना हाक कशी मारायची. मी कोल्हापूरची, बरीच वर्षं पोलंडातच, क्राकुफला राहते. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

नात्याचं म्हणाल तर बहुतेक नाही. पोलंडात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच, दोन लाखांच्या आसपास माणसांचं. कऱ्हाडात दोन पाटील भेटले म्हणून आपण त्यांना भाऊ धरत नाही, तसंच.

अर्थ मात्र फार सुंदर आहे. पोलिशमध्ये 'नोवी' म्हणजे नवा. आपला 'नवा' आणि त्यांचा 'नोवी' एकाच जुन्या मुळातून आलेत. गावात कुणी बाहेरून येऊन वसला की बाकीचे त्याला नोव्हाक म्हणायचे, आणि तेच पुढे लेकरांना चिकटायचं. हे गावोगाव आपापलं घडलं, त्यामुळे सगळ्या नोव्हाकांचा एक मूळ पुरुष असा नाहीच. चेक लोकांत आणि स्लोव्हेनियातही सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच आहे. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी नोव्हाकच. पहिल्या हिवाळ्यात त्या बीटरूटच्या सुपाचं पातेलं घेऊन वर आल्या, दारावरच्या माझ्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'नोव्हाक. नोवी.' मला तेव्हा पोलिश येत नव्हतं, पण हे कळलं.

जातीचं काही नाही, पण धंद्याचं आणि हुद्द्याचं बरंच आहे. कोवाल म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की आणि कोवाल्चिक. वुइत म्हणजे गावचा मुखिया, त्यावरून वुइचिक. शेवटचा '-स्की' मुळात आपल्या '-कर'सारखा: तार्नुफ गावाचा तो तार्नोव्स्की. आधी ही उमरावांची मिरास होती, नंतर इतरांनीही '-स्की' लावून घेतलं. शेतकऱ्यांची आडनावं तर 18व्या-19व्या शतकापर्यंत पक्की होत होती.

बाईचं कोवाल्स्की 'कोवाल्स्का' होतं, नोव्हाक मात्र दोघांनाही नोव्हाक. पूर्वी लग्न झालेली ती नोव्हाकोवा आणि मुलगी नोव्हाकुव्ना असं म्हणत, आता ते फारसं कानावर येत नाही. पण विभक्ती लागतेच. पुरुषासोबत असाल तर 'स पानेम नोव्हाक्येम', बाईसोबत 'स पान्यों नोव्हाक', म्हणजे बाईचं आडनाव बदलत नाही. 'पाटील'चं 'पाटलांना' करणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये.

हाक मारताना एक सांभाळा. 'पान' म्हणजे श्रीयुत, 'पानी' म्हणजे बाई. पण समोरासमोर 'पानी नोव्हाक' म्हटलं की मास्तरांनी हजेरी घेतल्यासारखं वाटतं. 'पानी' लावून पहिलं नाव घ्या, तेच आदराचं आणि जवळिकीचंही. नुसतं पहिलं नाव घ्यायचं ते त्यांनी स्वतः सुचवल्यावरच.

आता तुमच्या नावाचं, कारण यात मी स्वतः पोळलेय. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात बसलेलं असतं, आणि पोलंडात ते तुमचं दुसरं नाव धरतात. माझ्या बाबतीत एका कार्यालयाने ते गाळलं आणि बँकेने ठेवलं. दोन्हींचा मेळ बसवण्यात चार महिने गेले. पेसेल क्रमांकापासून (आपल्या आधारसारखा तिथला ओळख क्रमांक) भाडेकरारापर्यंत पासपोर्टात जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. तुमच्या पत्नीच्या मधल्या नावात तुमचं नाव असेल तर बाईला पुरुषाचं नाव कसं, हा प्रश्न खिडकीवर येणारच. शांतपणे सांगा, त्यांना आपली पद्धत माहीत नसते. अर्जात आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनावही विचारतात, ते आधीच लिहून ठेवा. तुम्ही निघण्यापूर्वी जन्माचा आणि लग्नाचा दाखला भारतातच अपोस्टील करून घ्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का. भाषांतर मात्र पोलंडातल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा, भारतातून केलेलं कार्यालयात चालत नाही.

आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाने कुठले म्हणून विचारलं तर कोल्हापूरचं नाव जरूर काढा. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांची आठवण सांगणारं स्मारक वॉर्साला आहे.